बाकावरच्या पोरांची मॅच

दोंडाईच्याहून तुमच्याशी बोलतोय. दिवसभर लॅपटॉपवर कोड, रात्री हा माईक, हे आपलं ठरलेलंच. ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून ठेवलाय. बोललो तसंच आहे, फक्त मधले 'म्हणजे काय की' थोडे काढून टाकलेत.

आज एका अशा मॅचबद्दल बोलायचंय जी जिंकून काही मिळत नाही. ना ट्रॉफी, ना बक्षीस, ना गुणतक्त्यात पॉइंट. खेळणारे बहुतेक जण पहिल्या संघात नसलेले. बघायला येणारे मोजके. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं की स्कोअर काय झाला, तर खेळणाऱ्यालाही आठवून सांगावं लागतं. तिला म्हणतात राखीव खेळाडूंची सराव मॅच. आणि मला आज तुम्हाला हे पटवायचंय की आपल्या भागात खेळाचं जे अडतंय, त्यातलं बरंचसं ही मॅच होत नाही म्हणून अडतंय.

आधी ऑस्ट्रेलियाला जाऊन येऊ

ऑस्ट्रेलियात एक फुटबॉल खेळतात. आपल्या फुटबॉलसारखा नाही, रग्बीही नाही. त्याला ऑस्ट्रेलियन रूल्स म्हणतात, तिकडची माणसं लाडाने 'फुटी' म्हणतात. मैदान लंबगोल, म्हणजे क्रिकेटचंच मैदान. चेंडूही लंबगोल. एका बाजूला १८ खेळाडू, दोन्ही मिळून ३६ जण मैदानात. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथ मारून चेंडू घातला की ६ गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर १ गुण. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण फेकता येत नाही. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा. लाथ मारलेला चेंडू १५ मीटर किंवा जास्त लांबून आला आणि तुम्ही हवेतच पकडला, तर खेळ थांबतो आणि तुम्हाला निवांत लाथ मारायला मिळते. त्यामुळे पोरं एकमेकांच्या खांद्यावर गुडघा ठेवून उड्या मारतात. एकदा यूट्यूबवर बघाच.

हा खेळ सुरू कसा झाला ते ऐका, कारण आजच्या विषयाचा धागा तिथेच आहे. टॉम विल्स नावाचा मेलबर्नचा एक क्रिकेटपटू होता. १० जुलै १८५८ ला तिथल्या एका क्रीडा साप्ताहिकात त्याचं पत्र छापून आलं. पत्राचा मुद्दा सरळ होता. हिवाळ्यात क्रिकेट बंद असतं, पोरं सुस्तावतात, तर फुटबॉलचा एक क्लब काढा म्हणजे अंग हलतं राहील. पुढच्या वर्षी, मे १८५९ मध्ये, विल्स आणि त्याच्या सोबत्यांनी बसून नियम लिहिले. म्हणजे बघा, ज्या खेळाला आज मेलबर्नच्या मैदानात लाखभर माणसं जमतात, तो खेळ क्रिकेटवाल्यांचा सराव म्हणून सुरू झाला. सराव हाच त्याचा जन्म.

म्हणूनच असेल कदाचित, पण दुसऱ्या फळीला तिकडे मान आहे. मेलबर्नच्या मोठ्या लीगने १९१९ पासून राखीव संघांची वेगळी स्पर्धा चालवली. ती १९९९ पर्यंत, म्हणजे ८० वर्षं चालली. मोठी मॅच दुपारी, आणि त्याआधी त्याच मैदानावर त्याच क्लबांच्या राखीव संघांची मॅच. लवकर येणारा प्रेक्षक ती बघत बसायचा. २००० पासून हे खेळाडू व्हिक्टोरिया राज्याच्या लीगमध्ये खेळायला लागले. काही क्लबांचा तिथे स्वतःचा राखीव संघ आहे, काहींनी जुन्या स्थानिक क्लबाशी हातमिळवणी केलीय.

आणि मोसम सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हाळ्यात, या राखीव संघांच्या सराव मॅच होतात. फेब्रुवारीत तिकडे उन्हाळा, हे ध्यानात असू द्या. या मॅचमध्ये काय काय चालतं? बाकावर नेहमीपेक्षा जास्त पोरं बसवतात, म्हणजे सगळ्यांना आत-बाहेर करता येतं. कधी वेळेचे भागही दोन्ही क्लब आपसात ठरवतात. दुखापतीतून उठलेल्याला सांगतात, तू अर्धाच वेळ खेळ, नंतर बर्फ लावून बस. बचावात खेळणाऱ्याला पुढे आक्रमणात पाठवून बघतात. पाठीवर जर्सीच्या आत जीपीएसचं छोटं यंत्र असतं, कोण किती पळाला, कितव्या मिनिटाला मंदावला, सगळं नोंदवलं जातं. पंच खरे. समोरचा संघ खरा. धक्के तर एकदम खरे. फक्त गुण मोसमात धरत नाहीत, बस.

माझ्या धंद्यातली माणसं हे ऐकून लगेच म्हणतील, अरे, हा तर स्टेजिंग सर्व्हर! बरोबर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही नवीन लिहिलेला कोड थेट ग्राहकाच्या फोनवर सोडत नाही. आधी एक जुळी व्यवस्था असते, हुबेहूब खऱ्यासारखी. तिथे तो चालवून बघतो. तिथे कोसळला तर कोसळू दे, कुणाचे पैसे अडकत नाहीत. पण त्या व्यवस्थेची एक अट आहे. ती खऱ्यासारखी असली पाहिजे. सोपा डेटा घालून 'चाललं, चाललं' म्हणण्यात काही अर्थ नसतो. नेटमध्ये आपल्याच मित्राने टाकलेला चेंडू मारणं हे सोप्या डेटासारखं आहे. सराव मॅच हे स्टेजिंग.

आता आपल्या माणसाकडे

तुम्ही म्हणाल, हे सगळं ऑस्ट्रेलियाचं, आपला काय संबंध? संबंध आहे. त्याच देशात, आपल्या संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेल्या आणि डोंबिवलीत वाढलेल्या एका माणसाने अशाच एका मॅचचं नेतृत्व केलं होतं. अजिंक्य रहाणे.

तारीख ६ डिसेंबर २०२०, रविवार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्या दिवशी टीव्ही लावला असेल. सिडनीच्या मोठ्या मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० होती. १९५ धावांचा पाठलाग, हार्दिक पंड्याच्या नाबाद ४२, भारत जिंकला. सगळा देश ती मॅच बघत होता.

त्याच दिवशी, त्याच सिडनी शहरात, ड्रमॉइन ओव्हल नावाच्या एका छोट्या मैदानावर भारताचा दुसरा संघ खेळत होता. समोर ऑस्ट्रेलिया 'अ'. तीन दिवसांची सराव मॅच. जे टी-२० मध्ये नव्हते, ते इथे. कर्णधार रहाणे. सलामीला पृथ्वी शॉ आणि शुभमन गिल, आणि दोघंही शून्यावर बाद. डाव गडगडला. मग पुजाराने ५४ केल्या आणि रहाणे एका बाजूने उभा राहिला तो राहिलाच. भारताने ९ बाद २४७ वर डाव सोडला तेव्हा रहाणे नाबाद ११७. जवळपास अर्ध्या धावा एकट्याच्या, तेही शेपटाला सोबत घेऊन.

गोलंदाजीत आपल्या नागपूरकडच्या उमेश यादवने ३ बळी घेतले, मोहम्मद सिराजनेही ३ घेतले. सिराज तोवर एकही कसोटी खेळला नव्हता. दोनच आठवड्यांपूर्वी, २० नोव्हेंबरला, त्याचे वडील गेले होते. विलगीकरणाचे नियम कडक होते. तो परत गेला नाही, तिथेच थांबला आणि ही मॅच खेळला. तिकडून कॅमेरॉन ग्रीनने नाबाद १२५ केल्या. तोही तोवर कसोटी खेळलेला नव्हता. मॅच अनिर्णित सुटली. गुणतक्त्यात नोंद काहीच नाही.

मग ११ ते १३ डिसेंबर, सिडनीच्या मोठ्या मैदानावर, गुलाबी चेंडूने दुसरी सराव मॅच. पुन्हा कर्णधार रहाणे. पहिल्या डावात ९ बाद १२३ वरून बुमराह आणि सिराजने शेवटच्या जोडीला ७१ धावा जोडल्या, बुमराहने नाबाद ५५ केल्या. याच डावात बुमराहने मारलेला सरळ फटका गोलंदाज ग्रीनच्या डोक्याला लागला. समोरच्या टोकाला सिराज होता. त्याने धाव घ्यायचं सोडलं, बॅट टाकली आणि ग्रीनकडे धावला. दुसऱ्या डावात हनुमा विहारी नाबाद १०४, गिल ६५, आणि ऋषभ पंत ७३ चेंडूंत नाबाद १०३. पंतने दिवसाच्या शेवटच्या षटकात २२ धावा ठोकून शतक गाठलं. तेव्हा पंत कसोटी संघाचा पहिल्या पसंतीचा यष्टिरक्षक नव्हता. ॲडलेडच्या पहिल्या कसोटीत वृद्धिमान साहाच खेळला.

आणि ॲडलेडला काय झालं ते आपल्याला तोंडपाठ आहे. १९ डिसेंबर, ३६ सर्वबाद. कसोटीतली भारताची सर्वांत कमी धावसंख्या. शमीच्या हाताला फ्रॅक्चर. विराट कोहली बाळाच्या जन्मासाठी घरी परतणार हे आधीच ठरलेलं. आता कर्णधार रहाणे, पुढची कसोटी सात दिवसांवर, मेलबर्नला.

बाकावरून मैदानात

मेलबर्नला संघात चार बदल झाले. गिल, पंत, सिराज आणि रवींद्र जडेजा आत आले. या चारपैकी जडेजा टी-२० मध्ये जखमी झाल्यामुळे सराव मॅच खेळला नव्हता. बाकी तिघं त्या सराव मॅचमधून आले होते. गिलने पदार्पणात ४५ आणि नाबाद ३५ केल्या. सिराजने पदार्पणात दोन्ही डावांत मिळून ५ बळी घेतले. रहाणेने ११२. भारत ८ गडी राखून जिंकला. ३६ सर्वबाद झाल्यानंतर बरोबर दहाव्या दिवशी.

इथे एक छोटी गोष्ट सांगायलाच हवी. त्या कसोटीपासून मेलबर्नच्या सामनावीराला एक नवं पदक द्यायला सुरुवात झाली, जॉनी मुलाग पदक. मुलाग हा ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी खेळाडूंपैकी एक. १८६८ मध्ये आदिवासी क्रिकेटपटूंचा जो संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यातल्या ४७ पैकी ४५ सामने तो खेळला, १,६९८ धावा केल्या आणि २४५ बळी घेतले. त्याच्या दोन वर्षं आधी, १८६६ च्या नाताळानंतरच्या दिवशी, आदिवासी खेळाडूंचा संघ मेलबर्नच्या याच मैदानावर खेळला होता. मुलाग त्यात होता आणि त्यांना शिकवणारा, त्यांचा कर्णधार कोण होता? तोच टॉम विल्स, फुटीवाला. ते मुलाग पदक सर्वांत पहिल्यांदा कुणाच्या गळ्यात पडलं? आश्वी खुर्दच्या रहाणेच्या. मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता.

पुढे तर बाकच रिकामं झालं. उमेश जखमी. सिडनीनंतर बुमराह, जडेजा, अश्विन, विहारी सगळे जखमी. १५ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनला जे पाच गोलंदाज उतरले, त्यांच्या कसोटींची बेरीज करून बघा. सिराज २, नवदीप सैनी १, शार्दूल ठाकूर १, नटराजन शून्य, वॉशिंग्टन सुंदर शून्य. एकूण चार. नटराजन तर दौऱ्यावर नेट बोलर म्हणून गेला होता, आणि त्याच दौऱ्यात वनडे, टी-२० आणि कसोटी, तिन्हींत त्याने पदार्पण केलं. शार्दूल आपला पालघरचा, लोकल ट्रेनने मुंबईला सरावाला जाणारा पोरगा. त्याची आधीची एकमेव कसोटी ऑक्टोबर २०१८ मधली. त्यात १० चेंडू टाकून तो जखमी होऊन बाहेर गेला होता. त्यानंतर सव्वादोन वर्षं वाट बघणं.

ब्रिस्बेनला भारत ६ बाद १८६ असताना सुंदर आणि शार्दूल एकत्र आले. १२३ धावांची भागी. शार्दूल ६७, सुंदर ६२. शार्दूलने सामन्यात ७ बळीही घेतले. सिराजने दुसऱ्या डावात ५. शेवटच्या दिवशी ३२८ चं लक्ष्य. गिल ९१, पुजारा ५६, पंत नाबाद ८९. भारत ३ गडी राखून जिंकला. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरलेलीच नव्हती. मालिकेत भारताने एकूण २० खेळाडू वापरले. वीस! म्हणजे जवळजवळ दोन संघ.

आता मी असं म्हणणार नाही की ड्रमॉइनची सराव मॅच झाली म्हणून ब्रिस्बेन जिंकलं. तसं म्हणणं थापा होतील. शार्दूल आणि सुंदर हे त्या सराव मॅचमधून आलेले नव्हते, त्यांच्यामागे रणजी आणि वर्षानुवर्षांचं देशी क्रिकेट होतं. पण मला एवढं दिसतं की ज्यांना आयत्या वेळी आत बोलावलं, ते सगळे कुठे ना कुठे खरी मॅच खेळत होते. नुसते बसून नव्हते.

सराव मॅच काय देते, काय देत नाही

पहिली गोष्ट, सराव मॅच दुसरा डाव देते. गिलचंच बघा. ड्रमॉइनला पहिल्या डावात शून्य. टूर्नामेंट असती तर? 'नको रे हा, पुढच्या मॅचला दुसरा घे.' पण ती सराव मॅच होती, म्हणून दुसरा डाव मिळाला, मग सिडनीत ६५ झाल्या आणि मग मेलबर्न. एका शून्यावरून पोराचा निकाल लावायचा नसतो.

दुसरी गोष्ट, तिथे निवडणाऱ्याला माणूस दिसतो, नुसता आकडा नाही. सिराज बॅट टाकून धावला हे कुठल्याच स्कोअरकार्डात येत नाही. वडील गेल्यावर दोन आठवड्यांत तो कसा पळतोय, कसा टप्पा ठेवतोय, हेही नेटमध्ये कळत नाही. दिवसभराच्या उन्हात कळतं.

तिसरी गोष्ट, समोरचा खरा असतो. ड्रमॉइनला समोर ट्रॅव्हिस हेड होता, जेम्स पॅटिन्सन होता. ग्रीन तर ॲडलेडला ऑस्ट्रेलियाकडून उतरलाच. म्हणजे ही मॅच दोन्हीकडच्या बाकाची होती.

आणि तिची किंमतही असते, ते लपवायला नको. ड्रमॉइनच्याच मॅचमध्ये आपल्या कार्तिक त्यागीचा उसळता चेंडू विल पुकोव्हस्कीच्या हेल्मेटला लागला. तोही कसोटी पदार्पणाच्या उंबरठ्यावर होता. मेंदूला मार बसला, ॲडलेड आणि मेलबर्न दोन्ही हुकले. सिडनीला त्याने पदार्पण केलं, ६२ केल्या. पण त्याला अशा दुखापती आधीही झाल्या होत्या, नंतरही झाल्या, आणि २०२५ मध्ये त्याने व्यावसायिक खेळ सोडला. तेव्हा 'सरावच तर आहे' म्हणून हेल्मेट न घालता उतरणारे आपले वीर, त्यांनी हे ऐकून ठेवा.

आणि आपल्या दोंडाईच्यात?

आता घरी येऊ. आपल्याकडे थंडी पडली की टेनिस बॉलच्या टूर्नामेंट सुरू होतात. दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, तिकडे शिरपूर, सारंगखेडा, सगळीकडे. टीममध्ये नावं पंधरा लिहितो. टी-शर्ट पंधरा छापतो. खेळतात अकरा. आणि ते अकरा दर वर्षी साधारण तेच. उरलेले चार काय करतात? पाण्याच्या बाटल्या आणतात. स्कोअर लिहितात. खेळणाऱ्यांचे मोबाईल आणि चपला सांभाळतात. चेंडू काट्यात गेला तर शोधून आणतात. रात्री फोटोत मागच्या रांगेत उभे राहतात.

कबड्डीत तर नियमातच राखीव खेळाडू आहेत. बाराचा संघ, सात मैदानात, पाच बाहेर. पण बाहेरच्या पाचांना वर्षातून किती चढाया मिळतात, हे तुमच्या मंडळाचं तुम्हीच मोजा. मुलींच्या संघात तर त्याहून अवघड. तिथे सात जमवतानाच सरांची दमछाक होते, मग आठवीला मॅच मिळणार कुठून? आणि ऐन स्पर्धेत सातवीचा पाय मुरगळला की हीच आठवी घाबरत घाबरत आत येते.

आपला धुळे जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत येतो. वर जायचा रस्ता म्हणजे तालुका, जिल्हा, मग पुण्याच्या बाजूला निवड चाचणी. पण चाचणीत काय होतं? नेटमध्ये थोडेसे चेंडू. ज्या पोराने मॅचच खेळली नाही, तो त्या थोड्याशा चेंडूंत काय दाखवणार?

आणि हे चार पोरं असतात कोण? सतरा ते बावीस वर्षांची. हाच काळ. त्यानंतर कुणी सुरतला कामाला जातो, कुणी पुण्याला किंवा नाशिकला कंपनीत, कुणी पोलीस भरतीच्या मागे. तीन हिवाळे बाकावर गेले की पोरगा येणं बंद करतो. आणि आपण कट्ट्यावर बसून काय म्हणतो? 'त्याच्यात दमच नव्हता.' अरे, दम आहे की नाही हे बघितलं कधी? चाचणी घेतलीच नाही आणि निकाल लावून मोकळे. माझ्या ऑफिसात कुणी न चालवलेल्या कोडला 'चालत नाही' असा शेरा मारला, तर दुसऱ्या मिनिटाला त्याला विचारतील, लॉग दाखव. बाकावरच्या पोराचा लॉग कुठाय?

म्हणून एक साधी गोष्ट सुचवतो. तुमच्या टूर्नामेंटच्या आठवडाभर आधी एक रविवार सकाळ फक्त दुसऱ्या फळीला द्या. कशी ते सांगतो.

एक, आपल्याच मोठ्या टीमसमोर खेळवू नका. मोठे हसतात, हळू टाकतात, मध्येच चहाला जातात. शेजारच्या गावच्या दुसऱ्या फळीला बोलवा. त्यांच्याकडेही चार-पाच तशीच पोरं बसून असतात. दोन-तीन मंडळं एकत्र आली तर अकरा-अकरा सहज होतात.

दोन, दोन डाव ठेवा, आठ-आठ षटकांचे. पहिल्यात शून्यावर गेला तरी दुसऱ्यात पुन्हा पहिल्या चेंडूपासून. बाद म्हणजे बादच, तिथे सूट नको, नाहीतर ती मॅच राहत नाही, खेळ होतो. पण दुसरा डाव सगळ्यांना.

तीन, पंच तिऱ्हाईत. स्कोअर व्यवस्थित, चेंडू-चेंडूचा, मोबाईलच्या ॲपवर. म्हणजे पुढच्या वर्षी दाखवायला काहीतरी राहील.

चार, तुमच्या मोठ्या टीमचा कर्णधार पूर्ण वेळ तिथे बसला पाहिजे. फोन खिशात. आणि मॅच संपल्यावर प्रत्येक पोराला दोन वाक्यं सांगायची, एक चांगलं काय केलं, एक सुधारायचं काय. 'बरं खेळला भो' हे चालणार नाही.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यातला किमान एक जण टूर्नामेंटच्या पहिल्या मॅचला अकरात घ्यायचा. हे आधीच सगळ्यांसमोर जाहीर करायचं. नाहीतर पोरांना लगेच कळतं की ही आपली समजूत काढलीय. पोरं फार हुशार असतात, समजूत आणि संधी यातला फरक त्यांना बरोबर कळतो.

कुणी म्हणेल, मैदान मिळत नाही. सकाळी सात ते दहा कुणाला हवं असतं मैदान? कुणी म्हणेल, चेंडूंचा खर्च. पंधरा टी-शर्ट छापायला पैसे होते ना, एक टी-शर्ट कमी छापा, चेंडू येतील. कुणी म्हणेल, त्यातून निघणार काय? काहीच निघणार नाही असंही होऊ शकतं. दोन पोरांना कळेल की आपल्याला खेळायला नाही, बघायला आवडतं. तेही कळणं चांगलंच. एखाद्याला कळेल की आपण पंच म्हणून भारी आहोत. आणि एखादा असा निघेल की तुम्ही तोंडात बोट घालाल आणि म्हणाल, हा तीन वर्षं आपल्या चपला सांभाळत होता?

ऑस्ट्रेलियाने त्यांच्या खेळात हे ८० वर्षं वेगळी स्पर्धा चालवून केलं. आपल्याला एक सकाळ लागते.

तर आजचं काम. हा भाग वाचून झाला की तुमच्या टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. नावांची यादी बघा. बारावा, तेरावा, चौदावा, पंधरावा कोण, ते आठवा. ग्रुपवर टाकू नका, एकेकाला फोन करा. आणि एवढंच सांगा: रविवारी सकाळी सातला ये. बूट घालून ये. पाणी दुसरं कुणीतरी आणेल.